पाचव्या दिवसाचं पारणं

वरदाताई आगाशे यांच्या पोटात गेल्या श्रावणापासून पाहुणे मुक्कामाला होते. संख्या विचाराल तर काही अब्ज, आणि आकार म्हणाल तर सुईच्या टोकावर हजारांची पंगत बसेल एवढा. एका सकाळी कोमट पाण्याबरोबर एक कॅप्सूल गिळली आणि ही सगळी मंडळी आत गेली.

"आता हे जन्माचे सोबती," डॉक्टर तन्वी भिलारे म्हणाल्या होत्या. "वेळच्या वेळी जेवत जा, म्हणजे तेही जेवतील."

वरदाताई मान डोलावून घरी आल्या. त्यांना पाहुण्यांपेक्षा खड्यांची काळजी होती. पित्ताशयात दोन खडे, बोराच्या आठळीएवढे. ऑपरेशन अर्ध्या तासाचं होतं, पण भूल देताना नळी घशातून जाते, आणि थायरॉइडच्या जुन्या ऑपरेशनपासून ताईंचा एक स्वरतंतू अर्धा लुळा पडलेला. "दुसराही रुसला तर कीर्तनाच्या गादीवर उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवू का?" असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. वाईच्या घाटावर कीर्तनकार म्हणून त्या चोवीस वर्षं उभ्या होत्या. वय अठ्ठावन्न, लग्न केलं नाही, वडील विनायकबुवा आगाशे, घरातले दादा, गेले त्याच वर्षी त्यांचं उपरणं खांद्यावर घेतलं ते आजतागायत उतरवलं नाही. आवाज हाच त्यांचा संसार.

म्हणून हा दुसरा मार्ग. डॉक्टरांनी तो समजावला होता तेव्हा ताईंना एखादं निरूपण ऐकल्यासारखं वाटलं होतं. यकृत रोज पित्त तयार करतं, ते एका लहानशा पिशवीत साठतं. त्या पित्तात कोलेस्टेरॉल असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. त्याला विरघळवून धरतात ती पित्ताम्लं, रिठ्याचं पाणी जसं भांड्याचा तेलकटपणा धरून नेतं तशी. पित्ताम्लं कमी पडली किंवा पिशवीतलं पित्त फार वेळ हललंच नाही, की कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरू लागतात.

"पाकात दोरा सोडून पातेलं न हलवता ठेवलं की खडीसाखर कशी धरते? तसंच," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

एक सौम्य पित्ताम्ल गोळीतून देऊन असे खडे विरघळवायचं औषध तसं जुनंच. पण ते लहान, चुन्याचा थर न चढलेल्या खड्यांनाच लागू पडे. दीड-दोन वर्षं रोज गोळ्या, आणि गोळ्या थांबल्या की निम्म्या लोकांत खडे काही वर्षांत पुन्हा हजर. दोन हजार बेचाळीस सालापर्यंत त्यावर तोडगा निघाला होता. माणसाच्या स्वतःच्याच पित्तातलं एक पित्ताम्ल उचलून त्याचं ते सौम्य पित्ताम्ल करणारे काही जिवाणू निसर्गात होतेच. प्रयोगशाळेनं त्यांचा हात जलद चालेल असं केलं आणि त्यांना आतड्यात वस्तीला पाठवलं. औषधाचा कारखाना पोटातच. बाहेरून फक्त बरगडीखाली चिकटवलेली बटणाएवढी एक चकती. ती ध्वनिलहरींनी पिशवीचं चित्र घेई आणि डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवी.

माघ लागला तशा वरदाताई तपासणीला गेल्या. डॉक्टरांचा चेहरा खुलला होता.

"हे बघा ताई. दोन आठळ्या होत्या, आता हे सहा-सात कण उरलेत. मोहरीपेक्षा जरा मोठे. पावसाळ्यापर्यंत पिशवी स्वच्छ."

"कृष्णाबाईचीच कृपा," ताईंनी हात जोडले. "म्हणजे तिच्या घाटावरच्या उत्सवाला मी मोकळी."

"खुशाल कीर्तन करा. मी लहानपणी भिलारहून यायचे तुमचं ऐकायला, आजीच्या मांडीवर."

"कीर्तन तर आहेच. मी उपासाचं म्हणतेय. पाच दिवसांचा."

"साबुदाण्याची खिचडी खाणार ना? दाण्याचा कूट, तूप, सगळं चालेल."

"खिचडी कसली! आमच्या घरचा नेम निराहाराचा. नुसतं तुळशीचं पाणी. पाचव्या दिवशी कीर्तन झालं की महाप्रसादानं पारणं."

डॉक्टरांचा पडद्यावरचा हात थांबला. "किती वर्षं करताय हे?"

"गादीवर उभी राहिले तेव्हापासून. चोवीस. शिवाय चातुर्मासात एकच वेळ जेवण, ते तर लहानपणापासून."

"म्हणजे पातेलं न हलवता ठेवणारं माणूस सापडलं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यात थट्टा होती, पण हसू नव्हतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, नीट ऐका. पोटात तूप-तेल गेलं की ती पिशवी आवळते आणि पित्त खाली सोडते. पाच दिवस काही गेलंच नाही, तर पित्त जागच्या जागी घट्ट होणार. तुमच्या पाहुण्यांपर्यंत पित्तच उतरणार नाही. काम बंद, खाणं बंद. तिसऱ्या दिवसापासून मरायला लागतील. तरी त्यांचं काही नाही, मी पुन्हा कॅप्सूल देईन. मला भीती वाटते ती पाचव्या दिवसाची. महाप्रसादाला काय असतं?"

"शिरा, मसालेभात. वर साजूक तुपाची धार."

"पाच दिवस निजलेली पिशवी त्या तुपानं खडबडून आवळणार. इतकी वर्षं तुमचे खडे मोठे होते, दारातून बाहेर पडूच शकत नव्हते, म्हणून तुम्ही वाचलात. आता कण आहेत. ते सुटून उदबत्तीच्या काडीएवढ्या नळीत जाऊन बसतील. पुढे तिथंच स्वादुपिंडाची नळी येऊन मिळते. ते तोंड बुजलं की अन्न पचवायचा रस बाहेर पडत नाही आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला घेतं. माणूस दोन दिवसांत जाऊ शकतो."

बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते.

"तुमच्या घरात कुणाला असं काही झालं होतं?"

"छे. दादा तर पारण्याच्या प्रसादावरच गेले. कृष्णाबाईच्या पायाशी. सगळी वाई सांगेल तुम्हाला." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा गादीवरून म्हटलं होतं की ते चालीतच आलं.

"प्रसाद घेतल्यावर किती वेळानं?"

"तासाभरानं पोटात कळ आली."

"पाठीपर्यंत जात होती?"

"हो."

"पुढे वाकून बसले की जरा बरं वाटत होतं? ओकाऱ्या?"

वरदाताईंच्या डोळ्यांपुढे खांबाशी वाकून बसलेले दादा आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसणारे. त्यांनी नुसती मान हलवली.

"मी तेव्हा नव्हते. तपासलेलं नाही, छातीठोकपणे सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हाच्या डॉक्टरांनी काय म्हटलं होतं?"

ताई उठल्या. पदर सारखा केला. "डॉक्टर बोलावला नव्हता," एवढंच म्हणून त्या निघाल्या.

*

निरंजन हा ताईंचा भाऊ, चार वर्षांनी लहान. शाळेत संगीत शिकवायचा, समोरच्याच बिऱ्हाडी राहायचा, आणि कीर्तनात पेटीवर तोच. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्यापासून जेवायला ताईंकडेच. बहीण गादीवर आणि भाऊ पेटीवर, असं ते दोघं इतकी वर्षं एका सुरात बांधलेले की ताईंनी नुसता श्वास घेतला तरी पुढचं पद साकी की दिंडी, ते निरंजनला कळायचं. आज मात्र ताईंनी सगळं सांगितलं आणि निरंजननं पेटीचा भाता खाडकन लावून टाकला.

"म्हणजे दादा पोटदुखीनं गेले, असं म्हणणं आहे तुझं?"

"माझं नाही. डॉक्टर म्हणते, तसं असू शकतं."

"ती तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जात असेल! आणि तू तिचं ऐकून दादांचा नेम मोडणार. कशासाठी, तर पोटातल्या जंतूंसाठी."

"निरू, अरे, आई उपासाच्या दिवशी गाईला उपाशी ठेवायची का? तिला आधी आंबोण, मग आपला नेम. मी संकल्प सोडला, ह्या जीवांनी कुठे सोडलाय? माझ्या आसऱ्याला आलेत ते."

"गाय दूध देते."

"हे औषध देतात, वेड्या."

एरवी अशा वाक्याला निरंजन हसला असता. तो उठून उंबऱ्याशी गेला, पाठ फिरवून उभा राहिला. "पाच दिवस आळीतले चाळीस-बेचाळीस जण निराहार धरतात. कुणाचं बघून? दादांचं ऐकून आणि तुझं बघून. आणि तू घरी तूपभात खाऊन गादीवर उभी राहणार?"

"कुणी विचारलं तर खरं सांगेन."

"कुणी विचारणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे." तो वळला. आता त्याचा आवाज शांत होता, आणि ताईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. "बरं. तू जेव. माझं काही म्हणणं नाही. पण आगाशांच्या घरातला नेम चुकणार नाही. तुझ्या वाटचा मी धरतो."

"तू आजवर दूध घेत आलास. साथीदाराला चालतं, दादांनीच सांगितलं होतं."

"यंदा नाही घेणार."

"एकदा तपासून तरी घे माझ्यासाठी. एकाच बापाची पोरं आपण."

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो चपला पायात सरकवून गेला.

*

घाटावर मांडव उभा राहिला. कृष्णाबाई, नदीचीच देवी, शालू नेसून, दागिने लेवून बसली. आळीतल्या बायकांनी पायऱ्या धुऊन रांगोळ्या घातल्या आणि रोज दुपारी चारला कीर्तन सुरू झालं.

पहिल्या दिवशी तीन वाजता वरदाताईंनी ओट्याशी उभ्यानंच चार घास तूपभात खाल्ला. घास कोरडा नव्हता, तरी गिळेना. "खा रे बाबांनो," त्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू फुटलं. चोवीस वर्षं रिकाम्या पोटी उभं राहताना जी एक हलकी झिंग अंगात चढायची, शब्द जसे कुणी वरून सोडतंय असं वाटायचं, ते आता मिळणार नव्हतं. तोंड धुऊन त्या घाटाकडे निघाल्या.

कीर्तन मात्र रंगलं. झांजेचा पहिला ठोका पडला, समोरच्या दीड-दोनशे माणसांनी एका दमात टाळी धरली आणि नदीचं पाणी ऐकायला थांबल्यासारखं वाटलं. देव रिकामं पोट बघून येत नाही, हे त्यांना त्या दिवशी आपल्याच गळ्यातून कळलं. तो भाव बघतो म्हणून आपण रोज सांगतो, आणि आपल्यालाच ते कधी पुरतं खरं वाटलेलं नसतं.

पण कीर्तन संपल्यावर शैलाकाकू पाया पडायला आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत. "ताई, तुमच्याकडे बघून धरते हो मी. नाहीतर माझ्यानं कुठलं होणार!"

ताईंनी त्यांचे हात धरले. ओठांवर आलेलं बोलायला धीर झाला नाही. पेटी बंद करताना निरंजननं एकदाच वर बघितलं.

तिसऱ्या दिवशी निरंजनचं बोट एका जागी चुकलं. पूर्वी कधी चुकलं नव्हतं. तो पेटीवर उजवीकडे कलून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. माघाच्या थंडीत.

"दूध घे," ताई मध्यंतराच्या गजरात त्याच्या कानाशी म्हणाल्या. "माझी शपथ आहे."

"तुझ्या वाटचा नेम धरलाय म्हणून तर मोडवत नाही," तो म्हणाला. "पुढचं पद सांग."

चौथ्या दिवशी संध्याकाळी ताई आख्यानाची वही घेऊन बसल्या. पाचव्या दिवसाचं आख्यान ठरलेलं असे: विनायकबुवांचं निर्याण. दादांनी शेवटच्या कीर्तनात म्हटलं होतं, 'कृष्णाबाईच्या पायाशी देह पडो,' आणि दुसऱ्याच दिवशी तो पडला. ते ऐकून लोक डोळे पुसत, आणि पुसता पुसता पुढच्या वर्षी आपणही नेम धरायचा, असं मनाशी ठरवत. बेचाळीस माणसं अशीच जमली होती.

जे त्या वहीत लिहिलं नव्हतं ते असं. पारण्याच्या दुपारी दादांना कळ आली. ते मांडवातच खांबाला टेकले. लोकांना वाटलं, बुवांची वेळ आली, मागितलं ते मिळतंय. उत्तरपूजा होऊन मूर्ती उठेपर्यंत बुवांना इथून हलवायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. दादा कण्हायला लागले की कुणीतरी म्हणे, नाम घेतायत, आणि गजर वाढे. तीस तास चाललं होतं ते. मधेच दादांनी चौतीस वर्षांच्या वरदाचं मनगट धरलं. त्यांचे डोळे पूर्ण शुद्धीतले होते. ते स्पष्ट म्हणाले, "पोरी, सहन होत नाही. डॉक्टरला बोलाव." वरदा उठली. बाजूचे एक आजोबा म्हणाले, "बाळ, शेवटच्या परीक्षेत बुवांना मागे ओढू नकोस." आणि वरदा खाली बसली. झांज हातात घेतली. गजर तिनंच सुरू केला.

निरंजन तेव्हा पुण्यात शिकवण्या करायचा. तो पोचला तेव्हा दादांच्या कपाळाला बुक्का होता, गळ्यात हार.

*

पाचव्या दिवशी, पारण्याचं म्हणून, कीर्तन सकाळीच असे; मांडव भरून वाहत होता. पुढच्या रांगेत निराहाराचे व्रती बसले होते, सुकलेल्या ओठांचे, पण चेहऱ्यावर समाधान असलेले. मागे चुलाणांवर शिरा भाजल्याचा वास सुटला होता. निरंजन भिंतीसारखा ताठ बसला होता.

नमन झालं, मूळ पद झालं, निरूपण झालं. हार-बुक्का झाला. वरदाताईंनी उपरणं सावरलं आणि आख्यानाला उभ्या राहिल्या.

"विनायकबुवांची कथा दरवर्षी सांगते," त्या म्हणाल्या. "यंदा ती पुरी सांगणार आहे. आजवर अर्धी सांगितली."

आणि त्यांनी सांगितलं. दिंडी नाही, साकी नाही, नुसत्या बोलण्यात. पिशवी, पित्त, खडे, नळी. मग खांबाशी वाकलेले दादा. मग मनगटावरची पकड. "ते म्हणाले, डॉक्टरला बोलाव. मी ऐकलं. माझ्या ह्या कानांनी ऐकलं, आणि मी गजर सुरू केला. त्यांच्या आवाजावर माझा आवाज चढवला." "मी गेले चार दिवस जेवून उभी आहे. माझं दुखणं तेच आहे जे त्यांचं होतं. तुम्ही मला पाया पडलात ते परत घ्या. पण नेम कुणी करू नये, असं मी म्हणत नाही. देवासाठी उपाशी राहण्यात गोडी आहे, ती मला माहीत आहे. एवढंच मागते, की आज ज्यांचं पारणं आहे त्यांनी तूप, शिरा घेऊ नये. आधी पेज घ्या, दोन दिवस हलकं जेवा, मग काय ते खा. आणि ज्यांना जेवल्यावर उजव्या कुशीत दुखतं त्यांनी तपासून घेतल्याशिवाय पुढच्या वर्षी हा नेम धरू नये. दुखतंय, हे लपवू नये. देवाला त्यात कमीपणा नाही."

पेटी केव्हाच थांबली होती.

मागून एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. "ताई, बुवांना असं लहान करू नका."

"काका, दादा लहान होत नाहीत," ताई म्हणाल्या. "आपण त्यांना दुखू दिलं नाही कधी, एवढंच. त्यांना दुखलं होतं."

आरती कशी झाली ते कुणालाच नीट आठवलं नाही. चार-दोन माणसं न जेवता निघून गेली. शैलाकाकूंनी मात्र पानावर बसताच हाक मारली, "मला पेज आणा गं कुणीतरी," आणि मग एकेकानं तेच मागितलं.

निरंजन पहिल्या पानावर बसला होता.

"पेज वाढू?" वाढणाऱ्यानं विचारलं.

"शिरा वाढा."

"सर, आत्ता ताई म्हणाल्या..."

"शिरा वाढा. वर तूप. दादांनी घेतलं तेवढं."

ताई समोरच उभ्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत जेवला. एकेक घास, शेवटपर्यंत. त्यांनी हात पुढे केला नाही, कारण भर पंगतीत पानावरून ओढण्याचा अपमान तो जन्मभर विसरला नसता, आणि तो विचार मनात आल्याबद्दल त्यांना त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. चोवीस वर्षांपूर्वीही त्या अशाच कुणाच्या तरी मानासाठी खाली बसल्या होत्या. त्या पुढे झाल्या तोवर पान रिकामं होतं. निरंजन उठून घाटाच्या पायऱ्यांकडे चालता झाला.

ताई त्याच्या मागोमाग गेल्या आणि दोन पायऱ्या सोडून बसल्या. उन्हं उतरायला लागली होती.

"किती वेळ दुखत होतं त्यांना?" शेवटी निरंजननं विचारलं.

"तीस तास."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आलास, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस आणि म्हणालास, काय भाग्य दादांचं. उभं राहायला तुझ्याकडे तेवढंच होतं. ते मी कसं काढून घेऊ?"

"चोवीस वर्षं माझ्या पेटीवर ते खोटं गायलीस."

"हो."

तो काहीतरी बोलायला वळला आणि तसाच थांबला. त्याचा हात उजव्या बरगडीखाली गेला. चेहरा पांढरा पडला. तो हळूहळू पुढे वाकत गेला, गुडघ्यांना कपाळ टेकेपर्यंत.

"निरू!"

"दिवाळीपासून होतंय," तो दातांत म्हणाला. "जेवलं की. आपोआप जायचं. आज... पाठीत गेली गं, ताई."

ताईंनी फोन काढला. पहिल्याच खेपेला लागला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "लगेच माझ्याकडे आणा, मी साताऱ्याला कळवून ठेवते. नळीत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. घाबरू नका. पण थांबू नका, ताई. आत्ताच निघा."

तोवर वरच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती. आगाशांचा मुलगा पारण्याच्या दिवशी, घाटावर, पोट धरून वाकलेला. काय घडतंय, ते त्यांच्यातल्या जुन्यांनी ओळखलं, आणि त्यांच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते त्यांनी दिलं. कुणीतरी हळू आवाजात नाम उचललं. दुसऱ्यानं टाळी धरली. झांज आली. प्रेमानंच आली, त्यात वाईट काही नव्हतं.

वरदाताई उभ्या राहिल्या. एक स्वरतंतू अर्धा लुळा असलेला तो आवाज, जेवढा होता तेवढा सगळा, त्यांनी लावला.

"गजर नको. गाडी आणा!"

झांज थांबली. मग बुवांना लहान करू नका म्हणणारे काकाच वळले आणि धोतर सावरत घाट चढून धावले. त्यांचीच गाडी कोपऱ्यावर होती.

पूल ओलांडताना निरंजनचं डोकं ताईंच्या मांडीवर होतं. तो डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटत होता. ताई खाली वाकल्या.

"नाम घेतोयस?"

"घ्यायला बघतोय. जमत नाही. दुखतंय फार."

त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"मग दुखतंय असंच म्हण," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं म्हण. मी ऐकतेय."